‘टक्कल व्हायरस’ आणि आपला हॉस्टेलचा ग्रुप

— एक हॉस्टेलाइट, तृतीय वर्ष (ई अँड टीसी)



“मेसमधली भाजी खाऊ नका. दोन मुलींना कावीळ झाली आहे. सगळ्यांना फॉरवर्ड करा.”

आठवतो का हा मेसेज? आठवणारच! गेल्या ऑगस्टमधला रविवार, रात्रीचे पावणेदहा. दहा वाजता दोघींच्या पाच झाल्या. साडेदहाला ‘चौदा जणी सिव्हिलला ऍडमिट’ झाल्या. साडेअकराला कुणीतरी पिवळ्या डोळ्यांचा फोटो टाकला, अगदी क्लोजअप. ते डोळे आपल्या हॉस्टेलमधल्या कुणाचेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या रात्री कोण विचारतंय? बाराच्या सुमारास माझ्या रूममेटच्या बाबांचा वाशिमहून फोन, “पहिल्या एसटीने निघतो, बॅग भरून ठेव.” सोमवारी सकाळी गेटवर पालकांची अशी गर्दी, की जणू ऍडमिशनचा राऊंड लागलाय. बुधवारपर्यंत अर्धं हॉस्टेल रिकामं!

दोघींना कावीळ झाली होती, एवढं खरं. उरलेल्या बारा जणी फक्त मोबाईलमध्ये होत्या.

आता एक कबुली देऊन टाकते. तो मेसेज मीसुद्धा फॉरवर्ड केला. घरी अकोल्याला केला, कझिन्सच्या ग्रुपवर केला आणि शाळेच्या जुन्या ग्रुपवरही केला, जिथल्या एकाही मुलीचा आपल्या मेसशी काडीचा संबंध नाही. का केला? विचार केलाच नाही. बोट आधी चाललं, डोकं नंतर.

संपादक मंडळाने मला विषय दिला होता, ‘सोशल मीडिया आणि आरोग्य : शाप की वरदान?’ ह्या ‘शाप की वरदान’वर मी सातवीत इंग्लिशमधून निबंध लिहिलेला आहे आणि तेव्हाही शेवटी ‘दोन्ही’ असंच लिहिलं होतं. मार्क बरे मिळाले होते. पुन्हा तेच नको. (मी कॉन्व्हेंटची. मराठी आजीशी आणि भाजीवाल्याशी बोलायची, कागदावर लिहायची सवय कमी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.) मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या मेसपासून नाही, त्याच्या सात महिने आधी माझ्या मावशीच्या गावापासून सुरू होते.

मावशीचं गाव शेगाव तालुक्यात. नाव लिहीत नाही. तिनेच बजावलंय, “गावाचं नाव नोको टाकजो व बाई, लय झालं आता नाव.” २०२५ च्या संक्रांतीला आम्ही अकोल्याहून तिच्याकडे गेलो होतो, आणि तोपर्यंत शेगाव तालुक्याचं नाव देशभर झालं होतं. गजानन महाराजांमुळे नव्हे, टक्कलामुळे! बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. डिसेंबर २०२४ च्या शेवटी तिथे माणसांचे केस गळायला लागले. आपले परीक्षेच्या टेन्शनने गळतात तसे नाही. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की पुंजका हातात, आणि दोन-चार दिवसांत चकाचक टक्कल. बायांचेही, शाळेतल्या पोरांचेही. बातमी जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुटली आणि एका रात्रीत तिला नावही मिळालं, ‘टक्कल व्हायरस’.

व्हायरस! कुणी तपासलं? कुणीच नाही. पण नाव कसं झणझणीत आहे, नाही का? व्हिडिओवर मोठ्या लाल अक्षरात शोभून दिसतं. माझ्याच कॉलेजच्या ग्रुपवर त्यावर टकलू हिरोंचे जोक आले, आणि खरं सांगते, मी हसणारी इमोजी टाकली होती. मावशीच्या घरी जाईपर्यंत.

तिथे गेल्यावर पाहिलं की गावात माणसं स्वतःहून डोकी चकोट करून घेत होती. अर्धवट पुंजके घेऊन फिरण्यापेक्षा तेच बरं म्हणून. शेजारच्या गावचा न्हावी ह्यांच्या गावच्या माणसाला खुर्चीत बसवेना. मावशीच्या शेजारी एक लग्नाची मुलगी आहे. तिचा एक केस गळलेला नव्हता, अजूनही लांब वेणी आहे. पण मावशी म्हणाली, “पाहाले येनार व्हते पाहुने. फोनवर इडिओ पाह्यला अन् आलेच नाईत.” सोयरीक मोडली असंही म्हणता येत नाही, कारण जुळलीच नव्हती. अशा नुकसानीची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते सांगा बरं?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. तो व्हिडिओ व्हायरल झाला नसता तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. खेड्यातली म्हातारी माणसं केस गळाले म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली असती, मलम घेऊन परत आली असती. व्हायरल झालं म्हणून जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आले, त्वचारोगतज्ज्ञ आले, पाण्याचे नमुने गेले, आणि काही दिवसांतच थेट आयसीएमआरची पथकं गावात उतरली. रक्त घेतलं, केस घेतले, लघवी घेतली, पाणी, माती, धान्य सगळं घेतलं. एवढ्या झपाट्याने एवढी मोठी यंत्रणा आपल्या खारपाणपट्ट्यातल्या खेड्यात आलेली मी तरी ऐकली नव्हती. तिथल्या खाऱ्या पाण्याने माणसांच्या किडन्या जातात, ती ओरड किती वर्षांची आहे! पण किडनीचा व्हिडिओ निघत नाही. टक्कल दिसतं, म्हणून त्याचा निघतो.

म्हणजे प्रश्न पोचवायला मोबाईलने काम चोख केलं. माझी तक्रार उत्तराबद्दल आहे.

आधी पाण्यावर संशय गेला, पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. मग बुरशीचा संसर्ग असावा असं बोललं गेलं. मग फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यांचा निष्कर्ष मांडला. हे तेच बावस्कर, ज्यांच्या विंचूदंशावरच्या कामामुळे कोकणात असंख्य जीव वाचले. २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळालीय. त्यांनी १८ गावांतल्या २७९ लोकांबद्दल सांगितलं. त्यांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य भरमसाट वाढलेलं होतं, जस्त कमी झालेलं होतं, आणि त्यांच्या मते सेलेनियम आलं ते रेशनच्या गव्हातून. पंजाबच्या काही भागांतल्या मातीत सेलेनियम मुळातच जास्त असतं. आपल्या शरीराला ते लागतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. जास्त झालं की केस जातात, नखं जातात. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० च्या दशकात नेमकं हेच घडलं होतं. बावस्करांचं म्हणणं सगळ्यांनी लगेच मान्य केलं असं नाही. पण एक बघा, एप्रिलमध्ये त्याच गावांतून नखं गळण्याच्या तक्रारी आल्या. सेलेनियमचा जो चेहरा पुस्तकात सांगितलाय, तोच.

आणि सेलेनियम म्हणजे व्हायरस नव्हे! ते एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर उडी मारत नाही. न्हाव्याच्या कंगव्यातून लागत नाही, सुनेबरोबर सासरी जात नाही.

मग ही गोष्ट किती जणांच्या मोबाईलवर पोचली? मी आमच्या बॅचमध्ये सहज विचारून बघितलं. ‘टक्कल व्हायरस’ सगळ्यांना माहीत. सेलेनियम? एकीला, आणि ती केमिकलची. बाकीच्यांच्या डोक्यात अजून व्हायरसच आहे. कॉलेजचं सोडा, मावशीच्या गावात काय परिस्थिती होती? मे महिन्यात मी पुन्हा गेले तेव्हा तिने मलाच विचारलं, “तू इंजिनेरिंगले हाय ना, मंग सांग, थो गहू खावा का नाई?” पथक आलं, हाताची शीर शोधून रक्त काढून नेलं, आणि ज्याचं रक्त नेलं त्याला काय निघालं ते माहीत नाही. एप्रिलमध्ये नखं गळत होती तेव्हाही माणसं अहवाल कुठाय, एवढंच विचारत होती.

आपल्या कम्युनिकेशनच्या पेपरात दोन मार्कांना एक प्रश्न हमखास येतो. सिम्प्लेक्स आणि डुप्लेक्समधला फरक सांगा. रेडिओ सिम्प्लेक्स, एकच दिशा. टेलिफोन डुप्लेक्स, दोन्हीकडून एकाच वेळी. मोबाईल डुप्लेक्स आहे असं आपण पाठ केलंय. पण आपल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने तो सिम्प्लेक्स करून ठेवलाय, आणि तोही उलट्या दिशेचा!

हे मला मावशीच्या गावच्या आशाताईंनी दाखवलं. त्यांच्या फोनमध्ये कामाचेच अकरा ग्रुप. उपकेंद्राचा वेगळा, पीएचसीचा वेगळा, तालुक्याचा वेगळा, गटप्रवर्तकांचा वेगळा. गृहभेट दिली की फोटो, लसीकरणाला बाळ आलं की फोटो, टाकीत टीसीएल पावडर टाकली की फोटो. केसगळतीच्या दिवसांत तर रोज आकडा कळवायचा, आज नवीन किती. स्टोरेज भरलं म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाचे फोटो डिलीट केले होते. मी विचारलं, “ताई, हे सगळं तुम्ही वर पाठवता. वरून काय येतं?” त्या हसल्या. म्हणाल्या, “वरून? ‘माहिती तात्काळ सादर करावी’ येते.”

राज्यात जवळजवळ ७० हजार आशा आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी संप केला तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीसुद्धा मागणी होती. आम्ही इंजिनिअरिंगवाले तेव्हा म्हणणार, “बघा, यांना टेक्नॉलॉजी नको!” आशाताईंचा फोन हातात घेऊन बघेपर्यंत मीही तेच म्हणाले असते. टेक्नॉलॉजीचं त्यांना वावडं नाही हो. त्यातून त्यांना काहीच परत मिळत नाही, हे दुखणं आहे. गावातल्या बाया दारात येऊन विचारतात, “ताई, हे लागट हाय का?” आणि ताईंकडे सांगायला तोच व्हायरल व्हिडिओ, जो त्या बाईकडेही आहे.

हे जमतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. करोनात जमलं होतं. मी दहावीत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल आपल्याच भागात लागली, २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपूरला आठवडाभर लॉकडाऊन लागला, तेव्हा बाकी महाराष्ट्र आपल्याकडे विचित्र नजरेने बघत होता. (तेव्हा ‘अमरावतीहून आलात का?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलाय. शेगाववाल्यांचं दुःख आपल्याला तरी कळायला हवं होतं.) अफवांना तेव्हाही तोटा नव्हता. पण त्याच काळात रोज संध्याकाळी जिल्ह्याचे आकडे ग्रुपवर यायचे, आजी चष्मा लावून त्याची वाट बघायची. मायगव्हचा व्हॉट्सऍपवरचा हेल्पडेस्क मार्च २०२० मध्येच सुरू झाला होता, प्रश्न टाका, उत्तर मिळवा. ऑगस्ट २०२१ पासून लसीचं सर्टिफिकेटही त्याच व्हॉट्सऍपवर मिळायला लागलं. आणि वर मेळघाटात लसीची धास्ती बसली तेव्हा नुसत्या परिपत्रकांनी भागलं नाही, कोरकू भाषेतून समजावून सांगावं लागलं. म्हणजे ज्या भाषेत भीती पसरली त्याच भाषेत उत्तर गेलं. मग साथ संपली आणि ही सवयही गेली की काय?

माझी मैत्रीण (मेकॅनिकलची, वाद घालण्यात पटाईत) म्हणते, जानेवारीत डॉक्टरांनाच कारण माहीत नव्हतं, मग ते ग्रुपवर लिहिणार काय? बरोबर आहे. पण ‘अजून माहीत नाही’ हेसुद्धा लिहिता येतं की! आज इतके नमुने गेले, अमुक दिवशी निकाल येणार, तोवर हे करा, हे करू नका, आणि ह्याला व्हायरस म्हणायला कोणताही आधार नाही. एवढं रोज एकदा आशाताईंच्या फोनवर आलं असतं तर त्या दारातल्या बाईला काहीतरी सांगू शकल्या असत्या. ती मैत्रीण आणखी म्हणते, सरकारी माणूस सही-शिक्क्याशिवाय एक ओळ लिहू शकत नाही, लिहिली तर मेमो येतो. हेही बरोबर असेल. पण मग तो सही-शिक्का रात्री पावणेदहाच्या आत कसा मिळेल ते बघा, कारण समोरच्याला तो लागत नाही.

बदनामी करायला मोबाईलच लागतो असंही नाही म्हणा. आपल्या अमरावतीत तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी ते उभारलं, कारण त्यांना घरात कुणी ठेवत नव्हतं. तेव्हा कुठे होता व्हॉट्सऍप? आणि ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा? दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते नुसतं सांगत नसत, समोरच्या माणसांना प्रश्न विचारायचे, आणि माणसं तिथल्या तिथे उत्तर द्यायची. वऱ्हाडीत! ह्याला म्हणतात डुप्लेक्स. तेही विनाबॅटरी.

असो. परत आपल्या मेसकडे येते, कारण खरी लाज मला तिथे वाटली.

कावीळ झालेल्या दोघींना दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट सांगितली. ही ‘हेपॅटायटिस ए’ प्रकारची कावीळ आहे. लागण झाल्यापासून ती दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी चार आठवडे. म्हणजे शनिवारी मेसची भाजी खाऊन रविवारी कावीळ, हे होऊच शकत नाही. दोघीही त्याच्या साधारण महिनाभर आधी सुट्टीत घरी होत्या. आपल्या अख्ख्या हॉस्टेलमध्ये, जिथे डिफरन्शियल इक्वेशन सोडवणाऱ्या दीडशे मुली राहतात, तिथे ही वजाबाकी कुणीच केली नाही. मीपण नाही.

टाकीच्या आणि स्वयंपाकघराच्या पाण्याचे नमुने तपासायला गेले होते. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. दोन्ही ‘पिण्यास योग्य’. तो कुठे लावला होता माहीत आहे का? ऑफिसबाहेरच्या बोर्डवर, परीक्षा फॉर्मच्या नोटिशीखाली, इंग्लिशमध्ये, तीन ओळी. मी कॉन्व्हेंटची असूनही मला तो दिसला नाही. मेसच्या काकूंनी दाखवला. त्यांना इंग्लिश येत नाही, पण तो कागद आपल्याबद्दल आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या महिन्यात त्यांच्याकडच्या पंचेचाळीस मुलींनी मेस बंद केली होती. किराणावाल्याची उधारी डोक्यावर होती, पोळ्या करणाऱ्या दोघींपैकी एकीला त्यांनी कामावरून कमी केलं होतं. त्या मला म्हणाल्या,

“ज्या मोबाईलवर माहं नाव आल्तं, त्याच मोबाईलवर हा कागद टाक ना व बाई.”

मी फोटो काढला. खाली मराठीत चार ओळी लिहिल्या, पाणी चांगलं आहे, कावीळ मेसमधून आलेली नाही, ती इतक्या दिवसांनी दिसते, दोघीही आता बऱ्या आहेत. तारीख टाकली. जिथे जिथे आधीचा मेसेज पाठवला होता तिथे तिथे पाठवला, घरी, कझिन्सना, शाळेच्या ग्रुपवरसुद्धा. आणि रेक्टर मॅडमना विचारलं की हॉस्टेलच्या ग्रुपवर तुमच्या नावाने टाकाल का, माझ्या नावाला कोण विचारतो. मॅडमनी आधी “ऑफिशियल नाही होत ते” म्हटलं. संध्याकाळी टाकला. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

ग्रुपवर दोन अंगठे आले. त्याखाली लगेच कुणाच्यातरी बर्थडेचा केक आला आणि मेसेज वर सरकत गेला. कुणीही ‘सगळ्यांना फॉरवर्ड करा’ म्हटलं नाही. पंचेचाळीसपैकी एकतीस जणी आतापर्यंत मेसला परत आल्यात. उरलेल्या चौदा बाहेर जेवतात. हा अंक त्यांच्याही रूमवर जाईल. काकूंनी काल दाळभाजी केली होती, गुरुवारी भरीत-भाकर आहे.